असईचे गोलंदाज आणि पडद्यावरची वफादारी

प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन आले की टीव्हीवर युद्धपटांचा सुकाळ होतो. 'हकीकत', 'बॉर्डर', 'एलओसी कारगिल', 'लक्ष्य' आणि अलीकडच्या काळातले 'उरी' नि 'शेरशाह'. घरोघर हे चित्रपट पाहिले जातात, माणसांच्या डोळ्यांत पाणी येते. हे पाणी खोटे नसते. ज्या घरातला पोरगा सरहद्दीवर आहे त्या घरात तर मुळीच नसते. म्हणून आधीच स्पष्ट करून टाकतो : युद्धपटाला माझा विरोध नाही. सैनिकाच्या बलिदानाचा सन्मान करणारा, वास्तवाशी इमान राखणारा चित्रपट निघायलाच हवा. माझी तक्रार उलटी आहे. असा चित्रपट आपल्याकडे फारसा निघतच नाही. जे निघते ते सन्मानाच्या नावाखाली दुसरेच काहीतरी असते. त्यात मुसलमान सैनिकाच्या वाट्याला जी भूमिका येते ती सैनिकाची नसून आरोपीची असते. सुटका झालेल्या का होईना, पण आरोपीची.

'बॉर्डर'चेच घ्या. जे. पी. दत्तांचा हा चित्रपट १९९७ साली आला आणि एका पिढीच्या मनातले युद्ध त्याने घडवले. ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानातल्या लोंगेवाला चौकीवर २३ पंजाब पलटणीच्या सुमारे १२० जवानांनी मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या नेतृत्वाखाली पाकिस्तानी रणगाड्यांना सकाळपर्यंत थोपवले आणि उजाडल्यावर जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी त्या रणगाड्यांचा फडशा पाडला, ही घटना खरी. पराक्रमही खरा. पण पडद्यावर एकामागून एक नायक धारातीर्थी पडतात. प्रत्यक्षात आपले दोन जवान कामी आले. एवढ्या थोड्या हानीत एवढी मोठी चाल रोखणे, हीच तर त्या रात्रीची खरी कर्तबगारी होती! दिग्दर्शकाला ती पुरली नाही. त्याला प्रेते हवी होती.

त्या प्रेतांत एक प्रेत जिवंत माणसाचे होते. चित्रपटातला भैरोसिंग रणगाडा उडवताना मरतो. ज्याच्यावरून ती भूमिका रचली तो सीमा सुरक्षा दलाचा लान्स नायक भैरोसिंग राठोड लोंगेवालातून जिवंत परतला, १९७२ साली त्याला सेना मेडल मिळाले आणि पुढे तो आपल्या गावी राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरच्या रुग्णालयात त्याचे निधन झाले. म्हणजे पंचवीस वर्षे सारा देश ज्याच्या मरणावर रडत होता, तो राजस्थानातल्या एका खेड्यात चालत-बोलत होता. पडद्याला मेलेला जवान लागतो. जिवंत जवानाचे काय करायचे, त्याच्या पेन्शनचे, गुडघ्यांचे, पोरांच्या नोकरीचे काय करायचे, ते पडद्याला ठाऊक नाही. आणि पडद्याला ठाऊक नसले की प्रेक्षकालाही ठाऊक राहत नाही.

ही झाली सगळ्याच सैनिकांची कथा. मुसलमान सैनिकाची कथा त्यापुढे एक पायरी जाते. इतर जवानाने मरून शौर्य सिद्ध करायचे असते. मुसलमान जवानाने मरून आपण या देशाचे आहोत हे सिद्ध करायचे असते. पटकथेत त्याच्यासाठी एक जागा ठरलेली आहे. आधी कोणीतरी त्याच्याकडे संशयाने पाहतो, मग तो छातीवर हात ठेवून एक लांब संवाद म्हणतो आणि मध्यंतरानंतर मरतो. मरताना तोंडी कलमा की तिरंगा, एवढाच काय तो फरक. संशय घेणारा सहकारी शेवटी त्याच्या देहावर रडतो आणि थिएटरात टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्याला आपण उदार असल्याचे समाधान मिळते. पण संशय घेणाऱ्याला कोणी विचारत नाही की बाबा, तुझा पुरावा कुठे आहे?

लष्कराचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. सच्चर समितीने २००६ च्या सुमारास सैन्यातल्या मुसलमानांची संख्या विचारली तेव्हा केवढा गदारोळ उठला! सैन्य धर्म मोजत नाही, असे ठणकावून सांगण्यात आले. उत्तम. खंदकात खरोखरच धर्म मोजत नसतील, तर पडद्यावर तो का मोजता? खंदकात जो नुसता ग्रेनेडियर असतो, त्याला सिनेमात 'मुसलमान असूनही' ग्रेनेडियर कोण बनवतो?

अब्दुल हमीद यांचे उदाहरण आपल्याकडे दर जलशात दिले जाते. गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचा हा शिंप्याचा मुलगा, ४ ग्रेनेडियर्सचा हवालदार, १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण विभागात जीपवर बसवलेल्या तोफेने पॅटन रणगाडे फोडता फोडता शहीद झाला आणि त्याला परमवीरचक्र मिळाले. चेतन आनंद यांच्या दूरदर्शन मालिकेत नसीरुद्दीन शाह यांनी ती भूमिका केली होती. पण जलशांत हमीद यांचे नाव कसे येते ते पाहा. उसातून जीप काढण्याची त्यांची हुशारी, रणगाड्याला जवळ येऊ देण्याचा त्यांचा थंडपणा, त्यांचा नेम, यांवर कोणी बोलत नाही. 'आम्हीही दिला आहे एक', अशा सुरात नाव घेतले जाते. हे आपल्यातल्याच पुढाऱ्यांचे, शाळांच्या संचालकांचे, मोहल्ला कमिट्यांचे पाप आहे. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याच्या घाईत प्रश्न विचारणाऱ्याचा अधिकार मान्य होतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. आणि एवढे करून पदरात काय पडते? २०२५ च्या फेब्रुवारीत धामूपूरच्याच शाळेवरून रंगरंगोटीच्या निमित्ताने हमीद यांचे नाव पुसले गेले. ओरड झाल्यावर ते पुन्हा लिहावे लागले. परमवीरचक्रसुद्धा चुन्याच्या एका हातापुढे टिकत नाही, तिथे फ्लेक्सवरच्या फोटोची काय कथा!

मेलेल्या हमीदची ही गत, तर जिवंताची कोणती? मोहम्मद सनाउल्लाह यांनी तीस वर्षे सैन्यात नोकरी केली, मानद लेफ्टनंट म्हणून ते निवृत्त झाले. मे २०१९ मध्ये आसामातल्या विदेशी न्यायाधिकरणाने त्यांना परदेशी ठरवले आणि त्यांची रवानगी गोआलपाड्याच्या छावणीत झाली. उच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा ते बाहेर आले. मे २०२५ मध्ये कर्नल सोफिया कुरेशी यांनी देशाच्या वतीने लष्करी कारवाईची माहिती जगाला दिली. पाठोपाठ मध्य प्रदेशातल्या एका मंत्र्याने त्यांच्याविषयी जे उद्गार काढले, त्यावर तिथल्या उच्च न्यायालयाला स्वतःहून गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यावा लागला. वर्दी अंगावर असताना ही स्थिती. तेव्हा मरून प्रमाणपत्र मिळते हा समजही खोटा आणि जिवंतपणी ते टिकते हा समजही खोटा. मग प्रमाणपत्राची ही रांगच सोडून द्यावी, हे शहाणपणाचे नाही काय?

यावर एक आक्षेप येईल. तो नेहमीचा आहे आणि अगदीच गैर नाही. 'मुसलमान सैनिक दाखवला तरी तुमची तक्रार, नाही दाखवला तरी तक्रार. करायचे तरी काय दिग्दर्शकाने?' उत्तर सोपे आहे. त्याने सैनिक दाखवावा. त्याची भूक, त्याची भीती, रखडलेला पगार, घरून न आलेले पत्र, अधिकाऱ्यावरचा राग, शेजारच्या खंदकातल्या दोस्तावरचा जीव दाखवावा. मग त्याचे नाव इब्राहिम असो की विठ्ठल. चेतन आनंद यांना १९६४ साली 'हकीकत'मध्ये हे बऱ्याच अंशी साधले होते. तो पराभवाचा चित्रपट आहे. लडाखच्या थंडीत मागे हटणारे, तुटलेले, दमलेले जवान त्यात आहेत. त्याच्या शेवटच्या गाण्याचे शब्द कैफी आझमींचे आणि आवाज मोहम्मद रफींचा. आजही ते गाणे दर पंधरा ऑगस्टला चौकाचौकात वाजते आणि ते ऐकताना कोणी कैफींकडे दाखला मागत नाही. कारण ते गाणे मरणाऱ्या शिपायाचे आहे, वफादारीच्या अर्जाचे नाही.

आणि वास्तवच हवे असेल तर ते पटकथेपेक्षा कितीतरी मोठे आहे. कॅप्टन हनीफुद्दीन ६ जून १९९९ रोजी तुर्तुक भागात शहीद झाले. मारा चालू असल्याने कित्येक दिवस त्यांचा देह खाली आणता आला नाही. लष्करप्रमुख जनरल मलिक त्यांच्या आईला, गायिका हेमा अझीझ यांना भेटले, तेव्हा माझ्या मुलाचा देह आणण्यासाठी दुसऱ्या कुणाच्या मुलाचा जीव धोक्यात घालू नका, असे त्या माउलीने सांगितले. पडद्यावरची आई बदला मागते. ही आई काय मागते आहे, ते लिहिण्याची ताकद आपल्या किती संवादलेखकांत आहे?

आता मुंबईच्या स्टुडिओतून आपल्या मराठवाड्यात येऊ. वास्तववादी युद्धपट काढायची कोणाला खरीच तळमळ असेल तर त्याने जालना जिल्ह्यात यावे. भोकरदन तालुक्यात, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ च्या दुपारी तिथे जी लढाई झाली, तिने दख्खनचे पुढचे दीड शतक ठरवले. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजा, शंभरावर तोफा, कवायती पायदळ आणि अफाट घोडदळ. दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्लीची जेमतेम साडेचार हजारांची कवायती फौज आणि जोडीला म्हैसूरचे नि काही मराठ्यांचे घोडेस्वार. वाटाड्यांनी नदीला उतार नाही असे सांगितले, पण समोरासमोर दोन गावे वसलेली पाहून वेलस्लीने उतार असणारच असा कयास बांधला आणि तो खरा निघाला. पुढे वॉटर्लू जिंकणारा हा माणूस उतारवयातही असईलाच आपली सर्वांत सरस लढाई म्हणत असे.

पण मला वेलस्ली नको आहे, त्याची चरित्रे पुष्कळ आहेत. मला गोलंदाज हवे आहेत. शिंद्यांच्या सेवेतले ब्रिटिश अधिकारी कंपनीच्या जाहीरनाम्याला भुलून आधीच फुटू लागले होते. लढाई रंगात येण्याआधी दोन्ही सरदार मैदानातून निघून गेले. प्रचंड घोडदळाने म्हणावा तसा हात दाखवला नाही. कवायती पलटणींचा मुख्य सेनापती पोलमान हा जर्मन, तो पुढे कंपनीच्याच नोकरीत गेला. ज्यांना पळता येत होते ते पळाले, ज्यांना विकले जाता येत होते ते विकले गेले. तोफांपाशी उरले ते गोलंदाज. संगिनी छातीला टेकेपर्यंत त्यांनी बत्ती सोडली नाही. इंग्रजांची फळी त्यांच्या अंगावरून पुढे गेली तेव्हा त्यांतले काही मेल्याचे सोंग घेऊन तोफेखाली पडून राहिले आणि फळी पुढे सरकताच उठून तोफांची तोंडे फिरवून त्यांनी पाठीमागून मारा केला. त्या तोफा इंग्रजांना दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. हे मराठी बखरकाराने रंगवलेले नाही; जिंकणाऱ्या शत्रूनेच लिहून ठेवले आहे. त्या दिवशी इंग्रजांचे ४२८ जण ठार आणि अकराशेवर जखमी झाले, म्हणजे लढणाऱ्या फौजेचा तिसरा हिस्सा गारद झाला. तो बहुतांशी या तोफांनी केला.

कोण होते हे गोलंदाज? शिंद्यांच्या कवायती फौजेची भरती दुआबातून, अवधमधून, रोहिलखंडातून होई. त्यांत राजपूत होते, ब्राह्मण होते, मुसलमान होते. तोफखान्यात गोव्याकडचे ख्रिस्तीही असत. सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही असईत होत्या. ती बेगम जन्माने मुसलमान आणि पुढे ख्रिस्ती झालेली. आणि समोरून येणारे? तेही सगळे गोरे नव्हते. मद्रासच्या देशी पलटणींतले तमिळ, तेलुगू, हिंदू, मुसलमान शिपाई कंपनीच्या पगारावर त्याच दुपारी मेले. मेजावर नकाशा मांडून पाहा : कोणत्या बाजूला हिरवा रंग द्याल आणि कोणत्या बाजूला भगवा?

म्हणूनच मराठी पडद्याला असई अजून दिसलेली नाही. गेल्या काही वर्षांत मराठीत आणि हिंदीत ऐतिहासिक युद्धपटांची लाट आली. 'फत्तेशिकस्त', 'तान्हाजी', 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'छावा'. या लाटेचे व्याकरण ठरून गेले आहे. काजळ घातलेला, मांस फाडून खाणारा, क्रूर हसणारा तो शत्रू, आणि त्याची ओळख पटावी म्हणून मागे अजानसारखे सूर. 'पानिपत'ने २०१९ साली इब्राहिमखान गारद्याला निदान जागा दिली, हे कबूल करायला हवे. पण असईत हे व्याकरणच कोलमडते. इथे पळणारे सरदार आपले आणि न पळणारे गोलंदाज अनामिक. इथे शत्रूच्या रांगेतही आपलीच माणसे. अशा लढाईवर टाळ्या कुठे घ्यायच्या, हा धंद्याचा प्रश्न आहे. आणि धंद्याचा प्रश्न राष्ट्रभक्तीच्या भाषेत मांडला की निर्मात्याला कोणी जाब विचारत नाही.

जिंकणाऱ्यांनी असई जपली. त्यांच्या पलटणींच्या निशाणांवर असईचा हत्ती आला. १८५१ साली हयात असलेल्यांना पदके वाटली, त्यांवर असईची पट्टी होती. आजच्या भारतीय सैन्यातल्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर जो हत्ती आहे तोही असईचाच. ब्रिटिशांसाठी आपल्याच माणसांविरुद्ध मिळवलेले असे रणसन्मान स्वतंत्र भारताचे सैन्य साजरे करत नाही, हे त्याच्या सुज्ञपणाला शोभते. पण हत्ती आहे. जालना जिल्ह्यातल्या एका नदीकाठाची आठवण देशाच्या एका मोठ्या रेजिमेंटच्या टोपीवर आहे आणि इथल्या पोराला त्याचा पत्ता नाही. मेलेल्या गोलंदाजांची मात्र ना यादी, ना पट्टी, ना कबरीवर दगड.

असईवरचा खरा चित्रपट तिथेच थांबू शकणार नाही. त्या साली पाठोपाठ दख्खनमध्ये दुष्काळ पडला. फौजांनी तुडवलेली शिवारे आणि दगा दिलेला परतीचा पाऊस, दोन्ही मिळून १८०३-०४ साली माणसे किडामुंगीसारखी मेली. युद्धाचे बिल असे गावांच्या नावे फाटते. मग सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि त्याच्या वाटणीत हा मुलूख निजामाकडे गेला. जालन्यात इंग्रजी कवायतीच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी बसली. ज्या गावाचे नावच एका मुसलमान जुलाह्यावरून पडल्याची आख्यायिका आहे, ते गाव असे दीडशे वर्षे दुसऱ्याच तक्तावर राहिले. आणि सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याची एक तुकडी जालन्यात शिरली.

इथे मराठवाड्यातल्या मुसलमानाला बोलणे अवघड होते, म्हणूनच बोलले पाहिजे. रझाकारांचे अत्याचार खरे होते. त्यांना विरोध करणाऱ्या 'इमरोज'च्या शोएबुल्लाखानाला त्यांनी ऑगस्ट १९४८ मध्ये ठार केले, तोही मुसलमानच होता. पोलिस अ‍ॅक्शननंतर मराठवाड्यातल्या निरपराध मुसलमानांवर जे गुदरले तेही खरे होते; पंडित नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने ते नोंदवले आणि तो अहवाल दशकानुदशके दडपून ठेवला गेला. आणि त्याच वर्षी ३ जुलैला झांगरच्या आघाडीवर ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान तोफेच्या गोळ्याने शहीद झाले, हेही खरे होते. अवघ्या अडीच महिन्यांत घडलेल्या या गोष्टी. एकाच सैन्याची ही दोन्ही रूपे एकाच समाजाच्या आठवणीत आहेत. २०२४ साली 'रझाकार' नावाचा चित्रपट आला, त्याला त्यातली एकच बाजू दिसली. उस्मान यांची कबर दिल्लीला जामियाच्या कबरस्तानात आहे. २०२० मध्ये ती भंगलेली आढळली आणि सैन्याने ती दुरुस्त केली. सैन्याने आपल्या माणसाची कबर सांभाळली. समाजाने आणि सिनेमाने आपापली अर्धी आठवण सांभाळायला घेतली.

ज्याला ही सारी आठवण एकत्र पेलत नाही त्याने बलिदान हा शब्द जपून वापरावा. कारण आज तो फार स्वस्त झाला आहे. २०२२ पासून अग्निपथ योजनेत चार वर्षांची भरती सुरू झाली. चौथ्या वर्षाअखेर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम होणार, बाकीच्यांना ठरावीक रक्कम, पेन्शन नाही. आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर गेला. त्याच्या आईबापांना विम्याचे नि सानुग्रह मदतीचे पैसे मिळतात, कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. जालना, बुलढाणा, बीडच्या कोरडवाहू घरांतली पोरे पहाटे रस्त्यावर धावतात ती युद्धपट पाहून नव्हे. बापाच्या सातबाऱ्यावर काही उरलेले नाही म्हणून धावतात. त्यांत शेख असतात, पठाण असतात, जाधव असतात, कांबळे असतात. असईचा गोलंदाजही पगारासाठीच दूरच्या मुलखातून आला होता. पगारासाठी आलेला माणूस शेवटच्या क्षणी तोफ सोडत नाही, यात जी माणुसकी आहे ती कोणत्याही घोषणेपेक्षा मोठी आहे. तिचाच सन्मान झाला पाहिजे.

हे काम कोण करणार? मुंबईच्या निर्मात्याची वाट पाहायची असेल तर खुशाल पाहा. पण उत्तर पेशवाईच्या पडत्या काळात सगनभाऊसारखा मुसलमान शाहीर मराठीत डफावर थाप मारून उभा होता. मराठीतले रणाचे शब्द आपल्यालाही वारशाने मिळाले आहेत, ते कोणाकडून उसने आणायचे नाहीत. भोकरदनच्या रस्त्यावर उभे राहून केळनेच्या पात्राकडे बघत नाटक लिहिता येते, पोवाडा रचता येतो, हातातल्या मोबाइलवर अर्ध्या तासाचा लघुपट काढता येतो. मुस्लिम मराठी लेखकांनी तो लिहावा, आणि लिहिताना एक पथ्य पाळावे : त्यातल्या एकाही गोलंदाजाच्या तोंडी आपण कोणाचे आहोत हे सांगणारा संवाद घालू नये. त्याच्या तोंडी पाणी मागणे असू द्या, बत्ती मागणे असू द्या, शेजाऱ्याला शिवी असू द्या, घरच्या बकरीची काळजी असू द्या. तोफ त्याने सोडली नव्हती, एवढे प्रेक्षकाला दिसले की पुरे.